कॉलेजच्या पहिल्या वर्षी ‘मन लागत नाही’ म्हणजे नक्की काय होतं?

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुट्टीत गोव्यात बऱ्याच घरांत हा सीन असतो. बारावीला 85 टक्के काढलेली मुलगी एफवायला गेली, सुरुवातीला नवी बॅग घेऊन उड्या मारत निघायची, आणि आता पहिल्या आयएसएचे, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या अंतर्गत परीक्षेचे मार्क हातात आले तर 20 पैकी 8. आई म्हणते मोबाईलमुळे, बाबा म्हणतात मैत्रिणींमुळे, मामा तर सगळ्यालाच हल्लीची पोरं अशीच म्हणतो, आणि ती पोरगी माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या छताखाली) बसून एवढंच सांगते की काय करू, मनच लागत नाही.

मला वाटतं ती खरं बोलतेय. फक्त पुढचं वाक्य चुकतं, म्हणजे ‘मन लागलं की करीन’ हे. कारण बहुतेक वेळा क्रम उलटा असतो, आधी थोडं काहीतरी जमतं आणि मग मन लागतं. हे मी मनाचं सांगत नाही, मानसशास्त्रवाले गेली पन्नासेक वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांच्या मागे लागलेत (एक कारण असंही असावं की प्रोफेसरांना प्रयोगासाठी सहज मिळणारी माणसं तीच), आणि त्यातून बऱ्यापैकी स्पष्ट चित्र दिसतं.

आधी हे बघू की बदलतं काय. हायर सेकंडरीपर्यंत अभ्यास तुम्ही करत होतात असं तुम्हाला वाटतं, पण अर्धा अभ्यास तुमच्याकडून करून घेतला जात होता. शाळेची घंटा, वही तपासणाऱ्या टीचर, संध्याकाळची ट्युशन, दर आठवड्याची टेस्ट, बोर्डाचे जुने पेपर, आणि घरी ‘बारावी आहे हां’ म्हणून बंद केलेला टीव्ही. कॉलेजात ही सगळी यंत्रणा एका झटक्यात जाते. सर येतात, तास घेतात, जातात. वही कोणी मागत नाही. अटेंडन्स 75 टक्के भरली की तुम्ही घरी काय करता हे विचारणारं कोणी नाही.

आणि इथे एक हिशेब आहे जो मुलांना कोणी सांगतच नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे 2023-24 पासून चार वर्षांची डिग्री सुरू झाली, त्यात वर्षाला साधारण 40 क्रेडिट (अभ्यास किती झाला हे मोजायचं माप) असतात, म्हणजे एका सेमिस्टरला 20. राष्ट्रीय क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये 40 क्रेडिट म्हणजे 1200 तासांचं शिक्षण धरलंय, म्हणजे एका क्रेडिटला 30 तास. पण थिअरी पेपरात एका क्रेडिटला वर्गातले तास 15 असतात. मग उरलेले 15 कुठे गेले? ते तुमच्याकडे आहेत, लायब्ररीत, घरी, असाइनमेंटमध्ये. चार क्रेडिटच्या एका पेपराला 60 तास वर्गात आणि तेवढेच वर्गाबाहेर. म्हणजे कॉलेजच्या शिक्षणाचा अर्धा भाग टाइमटेबलात छापलेलाच नसतो. बारावीतून आलेल्या मुलाला दोन वाजता कॉलेज सुटलं की वाटतं आजचं झालं, आणि इथूनच मागे पडायला सुरुवात होते, त्यात आळसाचा फारसा संबंध नसतो.

आता मोटिव्हेशनकडे येऊ. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली एक थिअरी आज या विषयात सगळीकडे वापरतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की माणसाला मनापासून काही करावंसं वाटायला तीन गोष्टी लागतात, हे मी स्वतः निवडलंय ही भावना, हे मला जमतंय ही भावना, आणि इथे माझी माणसं आहेत ही भावना. आता आपल्या एफवायच्या मुलीकडे बघा. कोर्स कोणी निवडला? नीटमध्ये रँक आली नाही म्हणून बीएससी, किंवा काकाचा मुलगा बीकॉम करून बँकेत लागला म्हणून बीकॉम. जमतंय का? 20 पैकी 8. माणसं? शाळेतल्या मैत्रिणी एक खांडोळ्याला, एक फर्मागुडीला, एक नर्सिंगला. तिन्ही खांब एकदम हललेत, आणि आपण विचारतो की उत्साह का नाही.

डेसीचा 1971 सालचा एक प्रयोग इथे फार कामाचा आहे. त्याने कॉलेजच्या मुलांना सोमा नावाचं ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं, जे तसं मजेचंच असतं. काही मुलांना मध्ये एका फेरीत प्रत्येक कोड्याला एक डॉलर दिला, बाकीच्यांना काहीच नाही. नंतर पैसे बंद केले आणि मोकळ्या वेळात कोण काय करतं ते गुपचूप बघितलं, तर ज्यांना पैसे मिळाले होते त्यांचा कोड्यातला रस कमी झालेला दिसला. जे आधी मजा म्हणून करत होते ते आता पैशासाठी झालं, आणि पैसे गेले तशी मजाही गेली. माझ्या मते आपली अकरावी-बारावी हाच प्रयोग आहे, फक्त डॉलरच्या जागी टक्के. दोन वर्षं प्रत्येक धडा ‘हे येतं का पेपरात’ या एका प्रश्नावर वाचलेला असतो. मग ॲडमिशन झाली, टक्क्यांचं काम संपलं, आणि विषय आवडत होता की नव्हता हेच आठवत नाही. ज्यांना खरंच बायोलॉजी आवडायची अशी मुलंसुद्धा एफवायला म्हणतात की कंटाळा येतो.

यावर कोणी म्हणेल, मग काय मार्कच नकोत का? तसं नाही. डेसी-रायन मार्कांच्या विरोधात नाहीत, कोणी बाहेरून रेटतंय असं वाटण्याच्या विरोधात आहेत. कोर्स दुसऱ्या कोणी निवडला असला तरी आत गेल्यावर छोट्या छोट्या निवडी आपल्या हातात असतात, प्रोजेक्टचा विषय, मायनर कुठलं, स्किलचा पेपर कुठला. इकॉनॉमिक्सच्या असाइनमेंटला पुस्तकातलं विदेशातलं उदाहरण उतरवण्यापेक्षा 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली-सांग्यात ट्रकवाल्यांचं काय झालं हे कोणी घेतलं तर तोच धडा वेगळा लागतो, कारण त्यात घरचाच कोणीतरी असतो. बहुतेक मुलं मात्र ‘सर, टॉपिक तुम्हीच द्या’ म्हणतात, आणि सरांनाही तेच सोपं जातं.

दुसरा खांब, जमण्याचा, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाबद्दल लिहिलं आणि तो कुठून येतो याचे चार झरे सांगितले. आपण स्वतः काहीतरी करून जमवलेलं असणं, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमताना बघणं, कोणीतरी ‘तुला येईल’ म्हणणं, आणि शरीर-मन शांत असणं. यातला पहिला सगळ्यात ताकदीचा. आणि घरचे लोक नेमका तिसराच वापरतात, तू हुशार आहेस, तुला येईल. बोलणं वाईट नाही, पण पुढच्या टेस्टला परत 8 पडले की त्या शब्दांना काही किंमत राहत नाही. त्यापेक्षा एका युनिटचा एक प्रश्न पुस्तक बंद करून पूर्ण लिहिता आला, तर त्या संध्याकाळी जे वाटतं ते कुठल्याही मोटिव्हेशनल रीलमध्ये मिळत नाही.

पण मग मुलं म्हणतात, आम्ही अभ्यास करतो, तरी जमत नाही. इथे दुसरी भानगड आहे. अभ्यास म्हणजे काय, तर बहुतेकांचं उत्तर, वाचणं. पिवळ्या-गुलाबी हायलायटरने ओळी रंगवणं, झेरॉक्सच्या दुकानातून सिनियरच्या नोट्स आणणं, परत वाचणं. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्या गटाने एकदा वाचून मग उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, 81 टक्के विरुद्ध 75. एका आठवड्याने परत बघितलं तर वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवत होतं आणि लिहून बघणाऱ्यांना 56. नीट बघा हां, पहिल्या दिवशी वाचणारा गट खरोखरच पुढे होता. म्हणून तर ही सवय सुटत नाही. वाचून झाल्यावर सगळं ओळखीचं वाटतं, डोकं म्हणतं आलं, आणि आपण पुस्तक मिटतो. परीक्षेत मात्र ओळखीचं वाटून चालत नाही, कोऱ्या कागदावर ते बाहेर काढावं लागतं, आणि बाहेर काढायची प्रॅक्टिस आपण कधी केलेलीच नसते. ती पोहण्यासारखी, बांधावर बसून कितीही बघितलं तरी पाण्यात उतरल्याशिवाय येत नाही.

बारावीला हे का चाललं? कारण तिथे कोऱ्या कागदाचं काम ट्युशनवाले करून घेत होते. आठवड्याची टेस्ट, प्रिलिम, परत प्रिलिम. मुलाला वाटत होतं आपण वाचून पास झालो, खरं तर तो त्या टेस्टांमुळे पास झाला होता. कॉलेजात टेस्ट कमी झाल्या आणि वाचन तेवढंच राहिलं.

वर यात वेळेचाही भाग आहे. हर्मन एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. त्यामुळे एकाच रात्री पाच तास घासण्यापेक्षा तेच पाच तास दोन-तीन आठवड्यांत विखरून दिले तर जास्त टिकतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही, कारण विखरून केलेला अभ्यास करताना अवघड वाटतो, मधल्या दिवसांत विसरलेलं असतं ना. पण थोडं विसरून मग खेचून आठवणं, यातच तर पक्कं होणं असतं. 2019 मध्ये हार्वर्डला फिजिक्सच्या वर्गांत असंच दिसलं, सरांचं गुळगुळीत लेक्चर ऐकलेल्या मुलांना वाटलं आपण जास्त शिकलो, आणि टेस्टमध्ये जास्त मार्क मात्र वर्गात स्वतः डोकं खाजवत प्रश्न सोडवलेल्यांना पडले. म्हणजे ‘सर काय मस्त शिकवतात’ यावरही फार भरवसा ठेवू नका.

आपल्या गोव्यात याच्यावर भाषेचा एक थर चढतो. सत्तरी, पेडणे, डिचोलीकडची कितीतरी मुलं चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकलेली, पाचवीपासून इंग्रजी, घरी कोकणी-मराठीची भेळ. शाळेत इंग्रजी उत्तरं पाठ करून निभावतं. कॉलेजात जाडजूड टेक्स्टबुक येतं आणि एक पान वाचायला अर्धा तास लागतो, शेजारच्या बाकावरचा मुलगा फाडफाड बोलतो, मग वाटतं मीच ढ. जॉन स्वेलर या ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञाने 1988 पासून यावर लिहिलंय की आपण एका वेळी डोक्यात फार थोड्या गोष्टी धरू शकतो. नवी कल्पना समजून घेणं हे एक ओझं, अवघड इंग्रजी वाक्य उलगडणं हे दुसरं, आणि दोन्ही एकाच छोट्या जागेत ठेवायची. त्यात बुद्धी कमी पडत नाही, जागा कमी पडते. यावर उपाय अगदी देशी आहे, आधी ती कल्पना मराठीत किंवा कोकणीत समजून घ्या, मैत्रिणीला आपल्या भाषेत सांगून बघा, आणि मग इंग्रजी पान उघडा. आता ओझं एकच राहतं. काही कॉलेजांत याची लाज वाटते मुलांना, ती का वाटावी हे मला आजवर कळलेलं नाही.

आणि प्रश्न फक्त भाषेचा नसतो. विल्यम पेरी नावाच्या संशोधकाने हार्वर्डच्या मुलांशी वर्षानुवर्षं बोलून 1970 मध्ये एक पुस्तक लिहिलं, त्यात दिसतं की सुरुवातीला मुलांना वाटतं प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं आणि ते सरांकडे असतं. मग सोशिओलॉजीच्या मॅडम सांगतात याला चार दृष्टिकोन आहेत, आणि मागून आवाज येतो, मॅडम, पण परीक्षेत कुठला लिहायचा? हसू नका, तो प्रामाणिक प्रश्न आहे. बारा वर्षं त्याला उत्तरपत्रिकेची की दाखवलीय. एका दिवसात ती काढून घेतली की कोणालाही चक्कर येईल. हे सवयीने जातं, एवढंच सांगतो.

तिसरा खांब माणसांचा. व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 मध्ये मांडलं की मुलं कॉलेज सोडतात ती फक्त नापास होतात म्हणून नाही, अभ्यासाच्या आणि माणसांच्या अशा दोन्ही जगांत आपण बसत नाही असं वाटलं की सुटतात. यावर टीका झाली की हे हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांचं चित्र आहे, आणि ती टीका गोव्यात चांगलीच लागू पडते. आपल्याकडे बहुतेक मुलं घरूनच येतात-जातात. वाळपईहून पणजीला येणारी मुलगी पहाटे उठून कदंबा, म्हणजे सरकारी बस पकडते, दीडेक तास एका बाजूने, तेवढाच परत, आणि तास संपले की बस चुकेल म्हणून पळते. तिचं कॉलेज म्हणजे वर्ग आणि बसस्टँड. कँटीनमधल्या गप्पा, लायब्ररी, एनएसएस, सरांना थांबून शंका विचारणं, सगळं त्या बसच्या टायमात जातं. वरून गावातलं सगळं तसंच चालू, जत्रा, शिगमो, भजन, घरचं काम. ती दोन्हीकडे असते आणि कॉलेजात मात्र नुसती येऊन गेल्यासारखी.

इथे वॉल्टन आणि कोहेन यांचा 2011 मधला प्रयोग सांगायलाच हवा. एका अमेरिकन कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यांनी सिनियर मुलांचे अनुभव वाचायला दिले, की सुरुवातीला आम्हालाही वाटायचं आपण इथले नाही, सगळ्यांनाच वाटतं, आणि हळूहळू ते गेलं. मग मुलांना स्वतःचं लिहायला सांगितलं. तासाभराचं काम. ज्या कृष्णवर्णीय मुलांना हे दिलं त्यांचे मार्क पुढची तीन वर्षं वाढत गेले आणि गोऱ्या मुलांशी असलेला फरक साधारण निम्म्यावर आला. लेक्चर नाही, ट्युशन नाही, फक्त एवढं कळलं की हे मला एकट्यालाच होत नाही आणि हे कायमचं नाही. म्हणून सिनियरनी पहिल्या वर्षाच्या मुलांना फ्रेशर्स पार्टीत नाचवण्यापेक्षा ‘मला पहिल्या टेस्टला किती पडले होते’ हे सांगितलं तर उपकार होतील.

बसमधला वेळ वाया जातो म्हणून रडण्यात अर्थ नाही, उभं राहून पुस्तक वाचताही येत नाही मान्य. पण सकाळच्या लेक्चरमध्ये काय झालं हे मोबाईल खिशात ठेवून आठवायला जागा लागत नाही. तीन मुद्दे आठवले, चौथा अडकला, घरी जाऊन तेवढाच बघायचा. ही तीच रोडिगरवाली गोष्ट आहे, फक्त साखळीच्या चढणीवर. आणि सोबत त्याच वर्गातलं कोणी असेल तर एकमेकांना विचारा, म्हणजे माणसांचं कामही तिथेच होतं.

मुहूर्त मात्र ठरवून ठेवा. पीटर गोलवित्झर यांनी 1999 मध्ये एक गोष्ट मांडली, ‘अभ्यास करीन’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘अमुक वेळ झाली की अमुक ठिकाणी बसून अमुक करीन’ म्हणणाऱ्यांच्या हातून ते काम जास्त वेळा होतं. ‘चवथीनंतर सुरू करतो’ हा संकल्प नव्हे. ‘बुधवारी दोनला तास सुटला की चारच्या बसपर्यंत लायब्ररीत स्टॅटिस्टिक्सची तीन गणितं’ हा संकल्प. मूड असो-नसो. पहिली दहा मिनिटं कंटाळवाणी जातात, दुसरं गणित सुटलं की जरा हुरूप येतो, आणि ज्याला आपण मन लागणं म्हणतो ते बऱ्याचदा इथे कुठेतरी सुरू होतं.

आईबाबांसाठी एकच, ‘किती वाचलंस’ ऐवजी ‘आज काय शिकवलं, मला सांग’ म्हणा. तुम्हाला कळलं नाही तरी चालेल, उलट बरंच, तिला जास्त सोपं करून सांगावं लागेल.

सगळंच पहिल्या वर्षाचं दुखणं म्हणून झटकायचंही नाही. दोन-तीन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण नाही, आवडत्या गोष्टीतही रस नाही, जगायचंच नको असं बोलणं येतंय, तर तो टाइमटेबलचा प्रश्न नाही. सरकारची टेली-मानस लाइन 14416 वर फुकट आहे, कॉलेजात काउन्सेलर असेल तर त्यांना गाठा, घरात कोणाला तरी सांगा.

आणि कोर्सच चुकला असेल तर? असू शकतं. पण ते पहिल्या आयएसएवरून ठरवू नका, कारण त्या मार्कांत विषय किती आणि नवखेपणा किती हे वेगळं काढता येत नाही. एक पूर्ण सेमिस्टर कोऱ्या कागदावाला अभ्यास करून बघा, त्यानंतरही विषय नकोसाच वाटला तर बोलायला जागा आहे. यूजीसीच्या नव्या आराखड्यात पहिल्या वर्षाचे 40 क्रेडिट आणि उन्हाळ्यातला 4 क्रेडिटचा व्होकेशनल कोर्स झाला की सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं, तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि एकूण सात वर्षांत डिग्री पूर्ण करता येते. तुमच्या कॉलेजात हे नेमकं कसं चालतं ते ऑफिसमध्ये जाऊन विचारा, आणि शक्यतो सेमिस्टरची फॉर्म भरायची गर्दी सुरू व्हायच्या आधी जा.